दोनशे दहा मीटर

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या अलीकडे प्रभाकररावांचं सरकी-ढेपेचं गोदाम होतं. त्यांचा मुलगा धीरज सहा वर्षं पुण्यात नोकरी करून परत आला आणि त्यानं बापाला सांगितलं की या गोदामात मी गोल्फ सुरू करतो. प्रभाकररावांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. गोल्फला मैदान लागतं एवढं त्यांनाही ठाऊक होतं. मग धीरजनं मोबाइलवर दाखवलं. एक खोली, समोर भिंतभर जाड पडदा, पडद्यावर हिरवंगार मैदान. माणूस चटईवर उभा राहून खऱ्या काठीनं खरा चेंडू मारतो. चेंडू पडद्यावर आदळून तिथंच खाली पडतो, पण यंत्र त्याचा वेग आणि दिशा मोजतं आणि त्याचं पुढचं उड्डाण चित्रात दिसतं. किती मीटर गेला तो आकडा वर येतो.

"पण वर्ध्यात हे खेळन कोण?" प्रभाकररावांनी विचारलं.

"बाबा, इथं डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, ऑफिसर आहेत. संध्याकाळी जायले जागा कुठी आहे त्याईले?"

दिवाळीच्या आधी गोदाम रिकामं झालं. पोती गेली, पंखे उतरवले, कारण काठी उंच फिरली की पंख्याला लागली असती. भिंतींना काळा रंग दिला, खाली हिरवी चटई अंथरली, एसी बसवला. ढेपेचा वास मात्र गेला नाही. पहिले दोन महिने डोळ्यांपुढे परदेशातलं मैदान आणि नाकात ढेप, असा तो खेळ चालला.

वर्षाली तिथं लागली ती काउंटरवर. ती रोहणा गावची, बावीस वर्षांची. बी. पी. एड. झालेली, कॉलेजात असताना विद्यापीठापर्यंत भालाफेक केलेली. शाळांत शारीरिक शिक्षणाची जागा निघेना म्हणून धीरजची जाहिरात पाहून आली होती. यंत्राच्या कंपनीनं आठ दिवसांसाठी एक प्रशिक्षक पाठवला होता. तो शिकवत होता धीरजला आणि वर्षाली बाजूला उभी राहून बघत होती. प्रशिक्षक सारखा सांगायचा की जोर खांद्यातून नाही, कमरेतून यायला पाहिजे. धीरजला ते काही केल्या जमेना. सहाव्या दिवशी तो चहाला बाहेर गेला तेव्हा प्रशिक्षकानं वर्षालीच्या हातात काठी दिली. भाला फेकताना कंबर कशी आधी वळते आणि हात मागून कसा येतो, हे तिच्या अंगाला चार वर्षं माहीत होतं. तिसऱ्याच फटक्याला असा कोरडा, स्वच्छ आवाज आला की प्रशिक्षक मोबाइलमधून मान वर करून बघायला लागला. पडद्यावर एकशे अठ्ठावन्न मीटर आले.

"यापूर्वी कधी खेळलीस?"

"नाई सर. काठीच आज पाह्यली."

त्या दिवसापासून सकाळी झाडूपोछा झाला की गिऱ्हाईक यायच्या आत ती दीड-दोन तास फटके मारायची. धीरजची ना नव्हती. उलट तो कौतुक करायचा. माणूस म्हणून तो वाईट नव्हता, हे वर्षाली पुढंही कुणाजवळ नाकारत नसे. ती आजारी असताना त्यानं तिला स्वतः दवाखान्यात नेलं होतं.

पहिला महिना गर्दी झाली. मग लोक गळायला लागले. कारण सरळ होतं. नव्या माणसाचा चेंडू ऐंशी-नव्वद मीटर जातो, तोही वाकडा. ले-आउट पाडून प्लॉट विकणारे निकेश राऊत आपल्या चार मित्रांना घेऊन आले, घाम निघेपर्यंत काठी फिरवली आणि आकडा नव्वदच्या वर जाईना तेव्हा काठी चटईवर टाकून म्हणाले, "तुमचं मशीनच कमजोर आहे, धीरजशेठ." ते गेले ते परत आले नाहीत. जानेवारीत दिवसदिवस कुणी फिरकत नसे. प्रभाकरराव दुपारी येऊन रिकाम्या खुर्च्यांवर नजर फिरवायचे आणि निघून जायचे. ते धीरजला फार लागायचं.

एका सोमवारी धीरज आतून दार लावून संगणकासमोर बसला. मंगळवारी चेंडू उडायला लागले. सगळ्यांचेच. वर्षालीनं सकाळचा पहिला फटका मारला आणि पडद्यावर दोनशे सात आले. ती दचकलीच.

"धीरजभाऊ, हे काय झालं?"

"नवीन अपडेट टाकला," तो म्हणाला. "इतके दिवस मशीन कमी दाखवून राह्यलं होतं. आता बरोबर झालं."

तिनं विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय होतं? यंत्र त्याचं, शिकलेला तो. आणि खरं सांगायचं तर तो आकडा बघून तिला इतका आनंद झाला होता की दुसरा विचार मनात आलाच नाही.

धीरजनं निकेश राऊतांना फोन करून बोलावलं. त्यांचा चेंडू एकशे वीस गेला. ते हसले, धीरजच्या पाठीवर थाप मारली, रविवारी आणखी सहा जण घेऊन आले. मग डॉक्टर आले, डॉक्टरांच्या बायका आल्या, शनिवार-रविवार आधी नाव नोंदवावं लागायला लागलं. आणि या सगळ्यांनी बघायचं ते वर्षालीला. एवढीशी पोरगी दोनशे दहा मारते! धीरजनं दाराबाहेर मोठा फलक लावला. त्यावर तिचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'वर्ध्याची वर्षाली – २१० मीटर'. एका स्थानिक पेपरात बातमी आली. रोहण्यात तिच्या वडिलांनी, नत्थूजींनी, ते कात्रण चौकटीत घालून भिंतीवर लावलं. संत्र्याच्या बागेत कामाला येणाऱ्या बायांनाही ते आत बोलावून दाखवायचे.

फेब्रुवारीत नागपूरच्या एका गोल्फ क्लबनं जाहीर केलं की विदर्भातल्या तेवीस वर्षांखालच्या चार मुली निवडून त्यांना दोन वर्षं फुकट शिकवणार, राहायची सोय क्लबची. वर्षालीला तेवीस पूर्ण व्हायला पाच महिने होते. फॉर्मवर एक रकाना होता, ड्रायव्हरनं मारलेल्या फटक्याचं सरासरी अंतर. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब काठी. तो रकाना सराव केंद्रानं भरून खाली सही-शिक्का द्यायचा होता.

धीरज पेन हातात घेऊन बराच वेळ थांबला. "थोडं कमी लिहू का? एकशे साठ-सत्तर?"

"काऊन? मशीन तर दोनशे दहा दाखवते."

"नाई, म्हणजे... तिथं हवा असते, गवत असते."

"लिहा ना भाऊ. जे आहे ते लिहा."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून २१० लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.

निवडीच्या दिवशी धीरज वर्षालीला आणि तिच्या वडिलांना गाडीनं नेणार होता. सकाळी सहाला त्याचा फोन आला की काम निघालं, जमणार नाही. वर्षाली आणि नत्थूजी रेल्वेनं गेले. नत्थूजींनी लग्नातला पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. क्लबच्या दारातून आत गेल्यावर पुढं सगळं गवत, एकसारखं कापलेलं, दूरवर पसरलेलं. त्यांनी कडेलाच चपला काढल्या. "बाबा, चपला घाला, चालते," वर्षाली म्हणाली. "राहू दे," ते म्हणाले आणि अनवाणी जाऊन बाकावर बसले.

अकरा मुली होत्या. निवड करणाऱ्या मंजुषा मॅडम स्वतः खेळलेल्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. समोर मैदानात पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे अशा पाट्या रोवलेल्या. वर्षालीची पाळी सातवी. आधीच्या मुलींचे चेंडू शंभर, एकशे तीस असे जाऊन पडत होते. तिला त्यांची थोडी दयाच आली.

ती उभी राहिली. फटका बसला. आवाज तोच आला, कोरडा, स्वच्छ. चेंडू काठीच्या टोकाला अगदी मधोमध लागला हे तिला मनगटात कळलं. तिनं मान वर केली आणि चेंडू आभाळात शोधत राहिली. तो दीडशेच्या पाटीच्या थोडा पुढं टप्पा खाऊन थांबला. वारा असेल. दुसरा मारला. एकशे एकसष्ट. तिसऱ्याला तिनं सगळा जोर लावला, आणि जोर लावल्यामुळं तो वाकडा गेला. चौथा, पाचवा, सगळे तिथंच, त्याच एका पट्ट्यात. दोनशेची पाटी पांढरी, लांब उभी होती.

मंजुषा मॅडमनी हातातला फॉर्म पुन्हा वाचला.

"तू इथं दोनशे दहा लिहिलंयस."

"हो मॅडम. रोज जातात. मशीनवर."

"मशीनवर." त्यांनी फॉर्म खाली घेतला. "तुझा फटका चांगला आहे. दीडशे-एकशे साठ काही वाईट नाही, तीन महिने खेळलेल्या मुलीसाठी तर खूपच आहे. एकशे साठ लिहून आली असतीस तर मी तुला घेतलं असतं, खरं सांगते. पण पन्नास मीटर वाढवून, वर शिक्का मारून आणायचं? या खेळात पंच नसतो. आपले फटके आपण मोजायचे आणि आपण लिहायचे. जी मुलगी फॉर्मवर खोटं लिहिते तिला मी काय शिकवू?"

"मॅडम, मी खोटं नाई लिवलं."

"मग हे काय आहे?" मॅडमनी फॉर्म तिच्यापुढं धरला. नत्थूजी चार हातांवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. बाकीच्या मुलींनीही.

संध्याकाळच्या आत ते रोहण्याच्या बसमध्ये होते. पुलगाव मागं पडलं. खिडकीबाहेर बघत नत्थूजींनी हळूच विचारलं, "बाई, खरंच खोटं लिवलं होतं का तुनं?"

"नाई बाबा."

"मंग त्या मॅडम खोटं बोलल्या का?"

आकड्याचं काय झालं ते तिलाच कळलं नव्हतं. नत्थूजींनी मान हलवली, जशी एखाद्याचं ऐकून घेतलं पण पटलं नाही अशी हलवतात. त्या मान हलवण्यापुढं मैदानातली फजिती तिला काहीच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी लवकर केंद्रात पोचली आणि धीरजनं 'हात लावजो नको' म्हणून सांगितलेली संगणकाची खिडकी उघडली. शोधायला फार वेळ लागला नाही. 'अंतर' असं लिहिलेलं, पुढं एक पट्टी आणि पट्टीवर आकडा, १३० टक्के. तिनं पट्टी शंभरवर आणली आणि चेंडू मारला. एकशे साठ. पुन्हा एकशे तीसवर नेली आणि मारला. दोनशे आठ. असं तिनं चार वेळा केलं. दोन्ही आकड्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि खुर्चीत बसून राहिली.

धीरज दहाला आला. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला समजलं.

"सगळेच करतात वर्षाली. मोठ्या शहरात बी करतात. लोकांले खूश ठेवा लागते."

"लोकांचं जाऊ द्या. मले काऊन नाई सांगितलं?"

"तू इतकी खूश होती..."

"फॉर्म भरताना बी मी खूश होती म्हणून नाई सांगितलं?"

तो संगणकाकडे वळला. मग म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, कमी लिहू का म्हणून."

हे त्यानं म्हटलं आणि वर्षालीच्या मनात त्याच्याविषयी जे काही चांगलं उरलं होतं ते तिथं संपलं.

"मले काही नको," ती म्हणाली. "फक्त एक चिठ्ठी द्या मंजुषा मॅडमच्या नावानं. मशीन वाढवून दाखवत होतं, या मुलीले माहीत नव्हतं. दोन ओळी. खाली तोच शिक्का."

धीरजनं बापाला विचारतो म्हणून सांगितलं. दुपारी प्रभाकरराव स्वतः आले. तिला समोर बसवून, चहा मागवून, अगदी घरच्या पोरीशी बोलावं तसं बोलले.

"बेटा, तुयावर अन्याय झाला, मी मानतो. पण असा कागद हातानं लिहून दिला अन् तो उद्या कोणाच्या हाती लागला, तर मी बाजारात कोणतं तोंड दाखवू? चाळीस वर्षं वजनात काटा मारला नाई मी. लोक म्हणतील म्हाताऱ्याचं पोरगं काटा मारते."

"काकाजी, मारतेच ना तो."

प्रभाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुले मॅनेजर करतो. मोठ्या मनानं सोडून दे."

चिठ्ठी मिळाली नाही. वर्षाली आणखी तीन आठवडे कामावर येत राहिली. का, ते धीरजला कळलं नाही. त्याला वाटलं, निवळलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी केंद्राची पहिली स्पर्धा होती. निकेश राऊतांनी करंडक दिला होता. वीस खेळाडू, त्यांच्या बायकामुलं, खुर्च्या मांडलेल्या, बाहेर मांडव, समोसे. सकाळी दार उघडलं वर्षालीनं, आणि संगणकही तिनंच सुरू केला.

पहिला मान राऊतांचा. त्यांनी काठी फिरवली, टाळ्या पडल्या. पडद्यावर एक्याण्णव आले. टाळ्या थांबल्या. राऊतांनी पुन्हा मारला. अठ्ठ्याऐंशी. पाठोपाठ एक डॉक्टर आले, बहात्तर. धीरज संगणकाकडे धावला. वर्षाली मध्ये उभी होती.

"मशीन बिघडलं वाटते," राऊत म्हणाले.

"नाई सर," वर्षाली सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मशीन आज बरोबर आहे. दोन महिने ते तीस टक्के जास्त दाखवत होतं. मुद्दाम वाढवून ठेवलं होतं. हे पाहा." तिनं मोबाइल पुढं केला. "माझा बॉल बी दोनशे दहा जात नाई. एकशे साठ जाते."

तिला वाटलं होतं की आता हे लोक धीरजकडे वळतील, त्याला विचारतील, रागावतील. राऊत वळले, पण तिच्याकडे.

"नागपूरले तुमचं सिलेक्शन नाई झालं ना, मॅडम?" ते हसले. "ऐकलं मी. राग येते, समजते. पण मशीनवर कायले काढता?"

मागून कुणी तरी हसलं. डॉक्टरांची बायको म्हणाली, "शोभतं का बाई, एवढ्या लोकांत?" मोबाइल कुणी हातात घेतला नाही. धीरजनं मान खाली घालून संगणकावर पाच मिनिटं काही तरी केलं आणि म्हणाला, "सॉरी सर, सेटिंग हललं होतं. झालं." राऊतांनी मारला. एकशे एकोणीस. टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जास्त पडल्या.

खरा आकडा कळला आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो त्यांना नको होता, एवढंच. वर्षालीनं काउंटरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मांडवातून बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही.

ती रोहण्याला परत आली. झालेलं सगळं तिनं बापाला सांगितलं. फोटो दाखवले. नत्थूजींनी ते लांब धरून बघितले.

"एवढं मोठं मशीन," ते म्हणाले, "ते कसं खोटं बोलन?"

भिंतीवरचं कात्रण त्यांनी केव्हा तरी काढून ठेवलं. कुणी विचारलं की पोरीचं काय झालं, तर ते संत्र्याच्या भावाचं बोलायला लागत. वर्षालीशी ते चांगलंच वागायचे. जेवलीस का विचारायचे. फक्त तिच्याकडे सरळ बघायचे नाहीत.

तिनं मंजुषा मॅडमना पत्र लिहिलं. सगळं क्रमानं, दोन्ही फोटोंसकट, आणि क्लबच्या पत्त्यावर मेल केलं. उत्तर येईना. मे गेला. आष्टीच्या एका शाळेत तिला खेळाच्या तासाचं कंत्राटी काम मिळालं, ते जूनअखेर सुरू होणार होतं. जुलैत तिला तेवीस पूर्ण झाली. त्यानंतर बारा दिवसांनी मोबाइलवर मॅडमचं उत्तर आलं. नत्थूजी ओट्यावर बसले होते. तिनं त्यांना वाचून दाखवलं.

मॅडमनी लिहिलं होतं की त्या बरेच महिने बाहेर होत्या, मेल आता पाहिला. तुझं म्हणणं मला पटलं. अशी यंत्रं मी पाहिली आहेत. मी तुला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं याचं वाईट वाटतं, आणि त्याची मी माफी मागते. पण चारही जागा भरल्या, आणि पुढच्या निवडीला तुझं वय बसत नाही. नियमापुढं माझा इलाज नाही.

नत्थूजी उठून उभे राहिले. तिच्याकडे त्यांनी सरळ बघितलं, निवडीच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"म्हणजे तुनं खोटं नव्हतं लिवलं!"

"मी सांगितलं होतं बाबा."

"मले माहीतच होतं. माई पोरगी असं करतच नाई." त्यांचे डोळे भरून आले होते. "दे इकडं तो मोबाइल. शेजारच्या नानाजीले दाखवून येतो. पोरीनं खोटं लिवलं म्हणून लय बोलला होता तो."

त्यांचा आनंद खरा होता. नागपूरची जागा गेली हे त्यांनी ऐकूनही ऐकलं नव्हतं. आणि पोरगी खरं बोलत होती हे एका अनोळखी बाईनं लिहून दिलं, तेव्हाच त्यांना पटलं होतं.

तिनं मोबाइल दिला. ते चपला घालून भरभर नानाजींच्या घराकडे गेले. वर्षाली ओट्यावर थोडा वेळ उभी राहिली. मग दुसऱ्या दिवशी शाळेत न्यायची शिट्टी आणि हजेरीची वही पिशवीत टाकली आणि स्वयंपाकाला लागली.